सेन्सरला वाटलं नाही

तक्रार करावी कशी, हे कोणाला शिकायचं असेल तर त्याने धारगळला माझ्या घरी यावं. सकाळी नऊच्या आत यावं, कारण नंतर मी तुयेच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायला जातो. आमच्या वाड्यावरचा, म्हणजे वस्तीतला, विजेचा खांब रस्त्याच्या मधोमध उभा होता, तो कडेला गेला माझ्या अकराव्या अर्जाने. बसथांब्याला छप्पर आलं माझ्यामुळे, आणि ते गळतं हे पहिल्यांदा कळवलं तेही मीच. सांगायचा मुद्दा, मी कोणाला सोडत नाही. एअरबॅगवाली गाडी बनवणाऱ्या कंपनीलाही सोडलं नाही, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

दोन हजार तेरा साली मी गाडी घेतली. आमच्या वाड्यावर गाड्या होत्या, पण दोन एअरबॅगवाली पहिली माझी. पंधरा दिवस मी दुसरा विषय बोललो नाही. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला सायकलवरून उतरवून मी समजावून सांगितलं, की गाडी धडकली की डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी फुगते आणि माणूस उशीवर डोकं टेकावं तसा तिच्यावर टेकतो. न्हाव्याला सांगितलं. कारखान्यात वॉचमनला सांगितलं. त्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती, पण ज्ञान असलेलं बरं. माझी बायको कमलाक्षी हे सगळं एकवीस वर्षांच्या सवयीने ऐकून घेत होती.

सोळाव्या दिवशी, रविवारी, आम्ही दोघं तिच्या माहेरी डिचोलीला निघालो. दर रविवारी तिच्या आईला भेटायला जायचं, हा आमचा नेम. हायवेवर चिऱ्यांचा एक ट्रक उभा होता. ट्रक पुढे होता, मी मागे होतो, आणि मग आम्ही एकत्र झालो.

पट्टे दोघांनी बांधले होते, म्हणून जिवावरचं टळलं. पण माझं नाक स्टिअरिंगवर आपटून फुटलं, शर्ट लाल झाला, चष्म्याचे दोन चष्मे झाले. कमलाक्षीच्या खांद्यावर पट्ट्याचा जाड वळ उठला. गाडीचं बॉनेट तंबूसारखं उभं राहिलं. एवढं सगळं झालं, आणि पिशवी? एकही उघडली नाही! दोघी आपापल्या जागी गाढ झोपलेल्या.

नाकाला पट्टी लावलेली असतानाच मी म्हापशाच्या शोरूममध्ये जाऊन बसलो. तिथला मॅनेजर मधुकर, माणूस गोड बोलणारा. त्याने मला थंड पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि सांगितलं की बॅग उघडायची की नाही हे सेन्सर ठरवतो. धक्का कोणत्या कोनातून आला, किती जोराचा होता, हे सगळं तो बघतो.

"तुमच्या केसमध्ये सेन्सरला तेवढा धक्का वाटला नाही," मधुकर म्हणाला.

"माझ्या नाकाला वाटला," मी म्हटलं.

त्यावर त्याने आणखी थंड पाणी मागवलं. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा सोबत एक कागद होता, "दोन्ही एअरबॅग सुस्थितीत आहेत." मी म्हटलं, कशावरून? एक उघडून दाखवा. तर म्हणे ती एकदाच उघडते, उघडली की टाकून द्यायची आणि नवी बसवायची. म्हणजे उघडेपर्यंत ती चांगली की वाईट हे कळणार नाही, आणि कळलं की ती संपली! असला कारभार मी सरकारी कचेरीतही पाहिला नव्हता. त्याच दिवशी मी कंपनीला पहिलं पत्र लिहिलं.

पण खरी अडचण घरात निघाली. पुढच्या रविवारी मी गाडी धुऊन पुसून दारात लावली, तर कमलाक्षी पिशवीत नारळ भरून बसथांब्याकडे चालू लागली. मी हाका मारल्या तशी थांबली आणि शांतपणे म्हणाली, "ती पिशवी एकदां माझ्या डोळ्यांसमोर उघडून दाखवा. मगे बसतलंय."

मी कागद दाखवला. तिने तो वाचलासुद्धा नाही.

ती बसने गेली. मग मी काय करणार? तिच्याशिवाय सासुरवाडीला जाता येत नाही, आणि नवी गाडी घरी ठेवून बसमध्ये बसायला मी काय वेडा होतो! मी गाडी काढली आणि बसच्या मागोमाग निघालो. बस थांबली की मी थांबायचो, बस सुटली की मी सुटायचो. म्हापशाला तिने बस बदलली, मीही बस बदलली. असं एक नाही, आठ रविवार. मागच्या बाकावरच्या बायका काचेतून माझ्याकडे बोटं दाखवू लागल्या. धारगळपासून एक माणूस पाठलाग करतोय, असं एकीने कमलाक्षीला घाबऱ्या घाबऱ्या सांगितलं.

"करूंदे," कमलाक्षी म्हणाली. "माझो घोवच तो."

डिचोलीला माझी सासू पद्मावती दारात उभी राहून बघायची, मुलगी बसथांब्यावरून चालत येतेय आणि जावई तिच्या मागून गाडीत बसून, तिच्याच चालीने येतोय. तिने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, की तुमचं दोघांचं पटतं ना? मी काय सांगणार? मला राग कंपनीचा होता, पण खरं सांगतो, वाईट वाटत होतं ते शेजारच्या रिकाम्या सीटचं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी पाऊण तास एकटा असायचो. कोणाशी बोलायचं? रेडिओ उलट उत्तर देत नाही.

म्हणून मी पत्रांचा मारा वाढवला. सतराव्या पत्रात मी ग्राहक मंचाचं नाव काढलं, आणि कंपनी हलली. पुण्याहून खास इंजिनियर येणार, आमच्या दारात गाडी तपासणार, माझी जबानी घेणार! मी वाड्यावर घरोघरी जाऊन कळवलं.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. इथे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कोणी विहिरीत पंपसुद्धा सोडत नाही. गाऱ्हाणं म्हणजे वडीलधाऱ्या माणसाने सगळ्यांच्या वतीने देवापुढे म्हणणं मांडायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणून साथ द्यायची. आमच्या वाड्यावर हे काम शेजारच्या बाबाजींचं. वय ब्याऐंशी, आवाज असा की पलीकडच्या वाड्यावरचे लोकही साथ देतात. आणि बाबाजींचं एक ठाम मत आहे, की देवाला नेमकं सांगावं लागतं. जे मागाल ते मिळेल, जे मागायचं राहिलं ते राहिलं.

त्या दिवशी सकाळी बाबाजी नारळ घेऊन गाडीपुढे उभे राहिले. वीस-पंचवीस माणसं जमली. तेवढ्यात हायवेवरून मधुकरची गाडी वळताना दिसली, शेजारी इंजिनियर. बाबाजींनी मला घाईघाईने विचारलं की देवाला सांगू काय. मी सोप्यावर उभ्या असलेल्या कमलाक्षीकडे पाहिलं. ती उजव्या हाताने डावा खांदा चोळत होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की हिच्या डोळ्यांसमोर पिशवी उघडू दे.

झालं! सतरा पत्रं मी एकच गोष्ट ओरडून सांगत होतो, की पिशवी उघडत नाही. माझी सगळी केस तिच्या न उघडण्यावर उभी. आणि देवाकडे मागितलं काय, तर ती उघडू दे! पण हे तेव्हा सुचलं नाही.

"बाराच्या महाराजा," बाबाजींनी सूर लावला, "ह्या गोकुळदासाच्या गाडयेची जी पिशवी बंद पडली आसा, ती आज ह्या बायलेच्या डोळ्यांसमोर उघडून दाखय, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. नुकताच उतरलेला इंजिनियरही हात जोडून उभा राहिला. पोरगा संस्कारी होता बिचारा.

त्याने गाडीला यंत्र जोडून पाहिलं, वायरी तपासल्या, सगळं ठीक म्हणाला. मग एक चक्कर मारून बघू म्हणाला. तो स्टिअरिंगवर बसला, मी त्याच्या शेजारी. हायवेपर्यंत जाऊन आलो. वाटेत मी त्याला माझी बाजू समजावत होतो. परत येताना आमच्या गल्लीत, घराच्या सोप्यावरून दिसेल एवढ्यावर, नळाच्या पाइपसाठी खणलेला चर होता. वरून लाल माती टाकून बुजवलेला, बघणाऱ्याला रस्ताच वाटावा. जाताना आम्ही त्याच्या कडेने निघालो होतो, येताना मधोमध, अगदी चालत्या माणसाच्या वेगाने येत होतो. पुढची चाकं चरात खचली, गाडीचं पोट खालच्या चिऱ्यावर दणकन बसलं, आणि...

अहो, काय तो आवाज! दिवाळीतला बॉम्ब तोंडात फुटावा तसा. दोन्ही पिशव्या एकदम उघडल्या. मला काही दिसेना, ऐकू येईना. गाडीत पांढरा धूर. दार उघडून बाहेर आलो तेव्हा इंजिनियर रंगायला बसलेल्या दशावतारी नटासारखा पांढराफटक झाला होता, आणि मीही तसाच असणार, कारण आमचंच कुत्रं माझ्यावर भुंकलं.

मधुकर मात्र आनंदाने धावत आला. उघडली म्हणाला, बघा, बॅग चालू आहे, तुमची तक्रारच निकालात निघाली.

मी नाकातली पावडर शिंकरून उभा राहिलो. निकालात? ट्रकवर आपटलो तेव्हा उघडली नाही, आणि घराजवळच्या चरात उघडली! हवी तेव्हा झोपते आणि नको तेव्हा उठते, ती चालू कशी? आधी माझी एक तक्रार होती, आता दोन झाल्या, लिहून घ्या! तिकडे बाबाजी डोकं धरून बसले होते. कधी उघडायची ती वेळ सांगायची राहिली, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. लोकांनी सगळा दोष माझ्यावर टाकला. देवाला अर्धवट निरोप दिला म्हणून! मी म्हटलं, दोष देवाचा नाही, माझा नाही, सेन्सरचा आहे, आणि हे मी दिल्लीपर्यंत नेईन.

इंजिनियर खरंच चांगला माणूस. त्याने तोंड धुतलं, सोप्यावर कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसला आणि म्हणाला की काकांचं म्हणणं बरोबर आहे. दोन्ही वेळा सेन्सर चुकलाय. कंपनी सगळी यंत्रणा बदलून देईल आणि चूक लेखी मान्य करेल. मधुकरचा चेहरा उतरला. माझी छाती फुगली, पिशवीपेक्षा मोठी! फक्त पहिल्या अपघाताची जबानी भरायची राहिली होती. माझी झाली. मग गाडीत बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीची. इंजिनियरने कमलाक्षीला छापील प्रश्न वाचून दाखवला, की अपघाताच्या वेळी चालकाचं लक्ष रस्त्यावर होतं का?

मी हसत तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"रस्त्यार?" ती म्हणाली. "ते माका पिशवी खंय आसा तां दाखयत होते. डाव्या हातान माझ्या फुडल्या फळयेर टकटक करून. तोंड माझ्याकडे. म्हणत होते, ट्रकार आपटलां तरी तुका कांय जावचां नाय. माका ट्रक दिसलो. मी म्हटलां, अवो! तर म्हणाले, आदी ऐक."

मग मागून कोणीतरी सवयीने म्हणालं, "व्हय महाराजा."

इंजिनियरने लिहायला घेतलं. मी गप्प बसणार होतो का? मी म्हटलं, माझं तोंड कुठे होतं हा सेन्सरचा प्रश्न नाही! सेन्सर गाडीच्या पुढच्या बाजूला बसवलाय, माझ्या तोंडात नाही! ट्रकवर आपटायला मी कोणत्या कारणाने गेलो, हे विचारायचा पिशवीला काय अधिकार? इंजिनियर मान हलवत होता, पण लिहीतही होता.

कमलाक्षी आत जायला वळली आणि दारात थांबली. तिचे डोळे भरून आले होते.

"तोंडार रगत बघून माका वाटलां, गेलो माझो घोव," ती म्हणाली. "पिशये खातीर नाय वो. तुमच्या बडबडीखातीर मी गाडयेत बसत नाय होतंय."

ही तक्रार माझ्याविरुद्ध होती. अठरावं पत्र लिहूनही चाललं नसतं.

कंपनीने दोन्ही पिशव्या आणि सेन्सर बदलून दिला. चूक लेखी मान्य केली नाही, कारण कागदावर "चालकाचे लक्ष नव्हते" असं आलं होतं. ते प्रकरण मी अजून सोडलेलं नाही. ट्रकवर आपटल्यावर पिशवी उघडायलाच हवी होती, चालक बोलत असो की झोपलेला असो, हे मी आजही कोणालाही ठणकावून सांगेन.

कमलाक्षी आता दर रविवारी माझ्या शेजारी बसते. अट एकच घातली आहे तिने, की धारगळपासून डिचोलीपर्यंत मी तोंड उघडायचं नाही. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. गेल्या रविवारी अस्नोड्याच्या चढावर मी फक्त "अगं" एवढंच म्हटलं, तर तिने पट्टा सोडून दाराच्या कडीला हात घातला.

म्हणून हे सगळं तुम्हाला लिहून कळवावं लागतंय.