केवळाबाईंची पंचतारांकित ओसरी

औसा येथील सौ. केवळाबाई किशनराव यांच्या घरात सोमवार ते शनिवार, सकाळी पावणेआठ ते संध्याकाळी साडेसहा या वेळेत सहा वर्षांखालील सात मुले आढळून येत असत. मोठी झालेली शाळेत जात, त्यांच्या जागी दुसरी येत. आकडा मात्र सातच राही. हा प्रकार अकरा वर्षे कोणत्याही कार्यालयाच्या निदर्शनास आला नव्हता. त्यामुळे मुलांची तब्येत चांगली होती.

मुलांचे आईबाप लातूरला कामाला जात. आठची एसटी गाठायच्या घाईत ते लेकरू ओसरीवर ठेवत आणि पळत सुटत. मग दिवसभर ती सात लेकरं केवळाबाईंच्या मागेमागे. त्या तूर निवडायला बसल्या की लेकरं खडे वेगळे काढत. त्या भाकरी थापू लागल्या की कोणाला अर्धी, कोणाला चतकोर याचा हिशोब लेकरंच सांगत. तीन वर्षांची लुंबिनी आली तेव्हा तोंडातून शब्द काढत नव्हती. कोंबडीशी भांडता भांडता ती बोलायला लागली, आणि आता थांबायचं नाव घेत नव्हती. या सगळ्याला काय म्हणतात हे केवळाबाईंना ठाऊक नव्हतं. त्या ‘लेकरं सांभाळणं’ म्हणत.

घात केला तो कौतुकाने. सत्यमची आई पुनम हिने व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘आमच्या केवळामावशींकडे मुलं खेळता खेळता किती शिकतात!’ तो मजकूर या गटावरून त्या गटावर फिरत गृहाधारित बालसंगोपन गुणवत्ता कक्षात जाऊन पोहोचला, आणि आठव्या दिवशी पर्यवेक्षक आदिनाथ दारात उभे राहिले.

आदिनाथ माणूस वाईट नव्हता. पंचविशीतला पोरगा, घामाघूम, काखेत टॅब. चहा नको म्हणाला आणि दोन कप प्याला.

“मावशी, तुमचं काम फार चांगलं आहे. म्हणून ते बंद करावं लागेल.”

“आं?”

“म्हणजे, प्रमाणपत्र नाही ना तुमच्याकडं. महिनाअखेरपर्यंत मानांकन घ्या. नाही मिळालं, तर मुलं ठेवता येणार नाहीत.”

 केवळाबाईंची स्वतःची दोन्ही मुलं पुण्याला गेल्यावर हे घर इतकं गप्प झालं होतं, की नवरा-बायको भिंतीवरच्या घड्याळाचं ऐकत बसत. ही लेकरं आल्यापासून घड्याळ बंद पडलं तरी दोन दोन महिने कळत नसे. सात लेकरं गेली की पुन्हा ते घड्याळ.

“काय काय करावं लागंल, सांगा साहेब,” त्या पदर खोचून म्हणाल्या.

पहिल्या भेटीत आदिनाथने जोखीम मूल्यांकन केलं. विळी गेली, हे केवळाबाईंना पटलं. मग पाटा-वरवंटा गेला, जातं गेलं, सूप गेलं. सुपाच्या कडा टोचतात. कोंबडीला ‘अनियंत्रित पक्षी’ ठरवून शेजारच्या सुमनबाईंकडे पाठवण्यात आलं. शेवटी स्वयंपाकघराला कुलूप लागलं, कारण तिथं उष्णता होती.

“मग लेकरं खातील काय?”

“डबा. पालकांनी आणलेला, नाव आणि तारीख लिहिलेला.”

“आवो, लुंबिनी माझ्या हातच्या भाकरीबिगर खात न्हाई.”

“ते वेगळ्या रकान्यात लिहा, मावशी. ‘आहारविषयक वर्तन.’”

दुसऱ्या भेटीत किशनरावांचा प्रश्न निघाला. ते नेहमीप्रमाणे बाजेवर पडले होते, आणि चार वर्षांचा आदर्श त्यांच्या मिशा मोजत होता.

“हे कोण?”

“मालक हाईत माझे.”

“प्रशिक्षण झालंय का त्यांचं?”

“चाळीस वर्षं मीच करतीय,” केवळाबाई म्हणाल्या. “काही उपेग न्हाई.”

अप्रशिक्षित प्रौढ व्यक्तीला मुलांच्या सहवासात बसता येत नाही, असा नियम होता. किशनरावांनी सकाळी पावणेआठ ते साडेसहा घराबाहेर राहावं, अशी सूचना निघाली. पण त्याच पुस्तिकेच्या पुढच्या पानावर ‘स्थानिक सांस्कृतिक साहित्य’ या सदराला पाच गुण होते, आणि उदाहरणादाखल गोष्टी सांगणारे आजी-आजोबा दिले होते. आदिनाथने बराच विचार केला. सहवासाला बंदी होती; साहित्याला नव्हती. त्यामुळे किशनरावांची नोंद साहित्य नोंदवहीत झाली: अनुक्रमांक एक्केचाळीस, आजोबा, नग एक, स्थिती वापरण्यायोग्य. शर्टाच्या खिशावर ४१ ची चिठ्ठी लागली. दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसून सही करायची होती.

“स्थिती वापरण्यायोग्य,” किशनराव खूश होऊन म्हणाले. “बघ गं. सरकारनं लिहून दिलंय.”

तिसऱ्या भेटीत फाइली आल्या. दर मुलामागं बारा. भाषाविकासाची, सूक्ष्म स्नायूंची, भावनांची, शी-शूची आणि इतर. मुक्त खेळ अकरा दहा ते अकरा पंचवीस या वेळेत व्हायचा होता, आणि दर पाच मिनिटांनी निरीक्षण लिहायचं होतं. केवळाबाई सातवी पास होत्या; अक्षर बरं होतं. त्या लिहू लागल्या. सत्यम रडला की आधी रडण्याची वेळ, मग कारण, मग तीव्रता एक ते पाच. एवढं होईपर्यंत तो आपोआप गप्प झालेला असे. तेव्हा ‘स्वयं-नियमन साध्य’ असं लिहायचं. त्या महिन्यात सत्यमला भावनांच्या फाइलीत पैकीच्या पैकी मिळाले. त्याला कोणी एकदाही उचलून घेतलं नव्हतं.

लुंबिनी फाइलीशेजारी येऊन बसे. “आजी, माझ्याशी बोल ना.”

“थांब बाई. तू बोललीस हे लिहू दे.”

एके दुपारी लुंबिनी थांबून थांबून गप्प झाली. केवळाबाईंच्या हातातलं पेन तिथंच राहिलं. ही मुलं राखण्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं. त्यांनी फाइल मिटली, पुन्हा उघडली. महिनाअखेरीला चार दिवस उरले होते. त्यांनी लिहिलं: ‘श्रवणकौशल्यात वाढ.’

शेवटच्या तपासणीपूर्वी एक उणीव राहिली. ‘घरगुती वातावरण’ या सदरात शून्य गुण पडत होते. आदिनाथला मनापासून वाईट वाटलं. “मावशी, इथं घरासारखं काहीच दिसत नाही.”

“व्हतं की. तुम्हीच न्यायला लावलं.”

“तसं नाही. मान्यताप्राप्त घर पाहिजे.”

मग लातूरहून ‘घर-कोपरा’ मागवण्यात आला. त्यात प्लास्टिकची चूल, प्लास्टिकचं जातं, प्लास्टिकच्या तीन भाकरी आणि शिटी वाजवणारी कोंबडी होती. खरी कोंबडी सुमनबाईंच्या भिंतीवर चढून हे बघत होती.

महिनाअखेरीला कक्षाची समिती आली, बघून गेली, आणि चौथ्या दिवशी आदिनाथ धावतच ओसरीवर आला. डोळ्यांत पाणी.

“मावशी! शंभरात अठ्ठ्याण्णव! पाच तारे! अख्ख्या विभागात पहिल्या!”

“दोन कुठं गेले?” किशनरावांनी बाजेवरून विचारलं.

“साहित्यावर मुलांच्या बोटांचे ठसे सापडले.”

केवळाबाईंनी प्रमाणपत्र हातात घेतलं. सोनेरी काठ, पाच तारे, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ. ती त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

“हे काय हाय साहेब? ‘अनुज्ञेय बालकसंख्या: शून्य’?”

आदिनाथने टॅब काढला. घराचं क्षेत्रफळ तीनशे वीस चौरस फूट. त्यातून कुलूपबंद स्वयंपाकघराचे ऐंशी गेले, फाइलींच्या कपाटांचे साठ, घर-कोपऱ्याचे पंचेचाळीस. मग आजारी मुलाची जागा, पालक-संवादाची जागा, संकटकाळी पळायची वाट. उरले तीस. आणि एका मुलाला लागतात पस्तीस.

“पाऊण मूल तरी बसलं असतं तसं,” तो खाली मान घालून म्हणाला. “पण अपूर्णांकात मूल घेता येत नाही.”

ओसरीवर सातही जणं गप्प बसून होती. लुंबिनी डबा मांडीवर घेऊन, न उघडता. केवळाबाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा ताऱ्यांकडं.

“साहेब, एक इचारू? घरी पाव्हणं आलं, तर त्याला किती फूट लागत्यात?”

आदिनाथने पुस्तिका चाळली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग परिशिष्टं. “पाहुण्यांचा उल्लेख नाही, मावशी.”

“पाव्हण्याची फाइल?”

“नाही.”

“पाव्हण्याला चुलीवरची भाकर चालती का?”

“त्याबद्दल पुस्तिकेत काही म्हटलेलं नाही.” आदिनाथच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू फुटलं. “मलाही चालते.”

त्याच क्षणी सात बालकं कमी झाली आणि सात पाहुणे आले. स्वयंपाकघराचं कुलूप निघालं. कोंबडी भिंतीवरून स्वतःच्या जबाबदारीवर परतली. संध्याकाळपर्यंत लुंबिनीने दोन भाकरी संपवल्या आणि महिनाभराचं सगळं बोलून घेतलं. किशनराव तेवढे अजून एक्केचाळीस नंबरच आहेत. साहित्य निकाली काढायला तीन सह्या लागतात, आणि एक सही रजेवर आहे.

पंचतारांकित केंद्राची पाटी मात्र दारावर लागलीच. ती बघून लातूर, मुरुड, पार नांदेडहून पालक येऊ लागले. केवळाबाई प्रत्येकाला मोकळेपणानं सांगतात, “तारेवाल्या केंद्रात जागा न्हाई बघा. शून्यच मंजूर हाय. पण लेकरू आजपासून पाव्हणं म्हणून ठिवा की. खाईल, खेळंल, बोलाया शिकंल.”

पालक आत डोकावतात. सात जणं, हाताला पीठ, मध्ये कोंबडी, बाजेवर ४१ नंबर.

“याला किती तारे आहेत?”

“एकबी न्हाई.”

“मग नको. आमचं नाव वेटिंगला घ्या.”

पुनमनेही परवा धाकट्या मुलीचं नाव दिलं. सत्यम रोज पाहुणा म्हणून येतो आणि मजेत असतो. पण धाकटीच्या बाबतीत तिला कसलीच कसर ठेवायची नाही.

यादी सध्या दोनशे अकरावर आहे आणि अजून बंद झालेली नाही. आपणही, हे वाचता वाचता, औश्याला कसं जायचं याचा विचार करतच असाल. सकाळी दहा ते पाच या वेळेत यावे, दोन फोटो आणावेत. मूल सोबत आणण्याची आवश्यकता नाही.