नानासोंच्या नावावरची मोकळी जागा

आधीच स्पष्ट सांगतो, चूक माझी नव्हती. चूक कॉम्प्युटरची होती आणि थोडी नानासोंची. माझी होती ती फक्त हौस. पण हे आमच्या घरात कुणी ऐकून घेईल तर शपथ.

मी बाहुबली, सांगलीतल्या एका खासगी शाळेत क्लार्क आहे. गेली अकरा वर्षं सहामाही-वार्षिकच्या प्रश्नपत्रिका दोन कॉलममध्ये मीच बसवतो. आजपर्यंत एकाही विद्यार्थ्याने कॉलमबद्दल तक्रार केलेली नाही. (प्रश्नांबद्दल केली आहे, पण ते मी काढत नाही.) त्यामुळे मेहुणीचं, म्हणजे प्रीतीचं लग्न फलटणच्या मुलाशी ठरलं आणि आमच्या सौ. सुरेखा पत्रिकेचा मजकूर घेऊन प्रेसकडे निघाल्या, तेव्हा माझ्यातला कलावंत दुखावला.

"प्रेसवाल्याला फक्त छापू दे. बसवतो मी," मी म्हणालो.

"नक्की ना?"

"डावीकडे वधूपक्ष, उजवीकडे वरपक्ष. यात चुकायला आहे काय?"

"मग एक लक्षात ठेवा. दोन्ही कॉलम खाली एका रेषेत संपले पाहिजेत. फलटणकरांची यादी लांब आणि आमची आखूड, असं दिसता कामा नये."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग नानासो आले. नानासो म्हणजे सुरेखाचे चुलते. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून घरातले वडीलधारे तेच. प्रीतीचं कन्यादानही तेच करणार होते.

"पाव्हणं, माजं नाव सगळ्यात खाली टाका," ते म्हणाले. "आमी काय मानाचं भुकेलं न्हाई."

मी भारावलो. (फार लवकर भारावतो मी.)

"पर वर दोन बोटं जागा मोकळी सोडा. आणि अक्षर जरा दांडगं घ्या. लांबनं दिसाय पायजे."

मी नानासोंच्या नावाच्या वर एंटर मारले. एक, दोन, तीन. नानासोंनी स्क्रीनला बोटं लावून मोजलं. "अजून एक मारा," म्हणाले. मारला. आता डावा कॉलम लांब झाला. पण कॉम्प्युटरमध्ये दोन्ही कॉलम आपोआप सारखे करायची सोय असते. ती मी वापरली. क्षणात दोन्ही कॉलम खाली एका रेषेत आले. मी स्क्रीनवर फूटपट्टी लावून खात्री केली. खाली केसभर फरक नव्हता. वर बघायचं काही कारणच नव्हतं.

पत्रिका छापून आल्या. आमच्यात पहिली पत्रिका बस्तीत, म्हणजे जिनमंदिरात, देवापुढे ठेवतात. ती ठेवायचा मान नानासोंचा. चष्मा घरी विसरून ते गेले आणि तिथल्या पंडितांनी चार लोकांसमोर ती मोठ्याने वाचायला घेतली. वधूपक्ष वाचून झाला. वरपक्ष सुरू झाला आणि पंडित थांबले.

"नानासो, तुमी फलटणचं कवा झालासा?"

त्याचं असं झालं होतं. त्या गाढव यंत्राने माझ्या मोकळ्या ओळीसुद्धा माणसांसारख्या मोजल्या. दोन्ही बाजू सारख्या करायच्या म्हणून डावीकडचं शेवटचं माणूस उचललं आणि उजवीकडे नेऊन ठेवलं. तेही कुठे? 'वरपक्ष' या शब्दाखाली पहिलं. दांडग्या अक्षरात. नवऱ्या मुलाच्या आजोबांच्याही वर!

दहा मिनिटांत नानासोंचा फोन आला.

"जावई हायसा म्हणून 'तुमी' म्हणतोय."

"नानासो, ते कॉलमचं बॅलन्सिंग..."

"मला पलीकडं ढकललासा न्हवं? बरं झालं. आता मी वरपक्षाचा. फेटा बांधून घ्यायचा, पाय धुवून घ्यायचं, आणि जेवणात मीठ कमी हाय म्हणून तोंड वाकडं करायचं. कन्यादान तुमच्या मशीनला सांगा."

इकडे सुरेखाने माझ्याशी बोलणं टाकलं. तिकडे फलटणहून आजोबांचा निरोप आला, 'आमच्या डोक्यावर हे कोण बसलेत?' आणि प्रीती रडायला लागली. "बाबा नाहीत. काका पलीकडे जाऊन बसले, तर माझा हात कोण देणार, भावोजी?" हे ऐकून मात्र मला कळलं, राग कॉम्प्युटरवर काढून ते भागणार नव्हतं.

मी लॅपटॉप घेतला, प्रीतीला गाडीवर घेतलं आणि नानासोंच्या गावी गेलो. ओसरीवर बसून त्यांना सगळं समजावलं. यंत्राला नाती कळत नाहीत, फक्त ओळी कळतात. एंटर मारून जागा सोडायची नसते, आणि जिथे एका बाजूची माणसं संपतात तिथे 'कॉलम ब्रेक' टाकायचा असतो, म्हणजे इकडचं माणूस तिकडे जात नाही.

नानासोंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तुमाला ठावं हुतं?"

"हो, म्हणजे..."

"मग टाकला का न्हाई?"

(प्रश्नपत्रिकेत तो कधी लागला नव्हता. तिथे प्रश्न पलीकडे गेला तर प्रश्न रुसत नाही. पण हे बोललो नाही.)

तेवढ्यात प्रीतीने पर्समधून पेन काढलं. पत्रिकेवर नानासोंच्या नावापासून डावीकडे एक लांब बाण काढला आणि पत्रिका त्यांच्या मांडीवर ठेवली. "काका, तुम्ही इकडे," एवढंच म्हणाली.

नानासोंनी त्या बाणावरून बोट फिरवलं. डोळे पुसले. "लय वाकडा काडलाईस गं, पोरी," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पत्रिका नवी छापा. पर दोन बोटं जागा ऱ्हायला पायजे."

पुन्हा बसलो. कॉलम ब्रेक टाकला. नानासो डावीकडे आले, जागेसकट. पण आता आमचा कॉलम लांब दिसू लागला. फलटणकरांच्या ओळी जरा सैल सोडल्या, तरी आमची एक ओळ जास्तच. दोन बोटं कमी करायची सोय नव्हती, नानासो मोजणार होते. एखादा नातेवाईक गाळावा, तर प्रत्येकाच्या घरी जायचं माझ्यात बळ उरलं नव्हतं. ज्याच्या बाजूने भांडायला कुणीही येणार नाही, असा त्या यादीत एकच माणूस होता. मी माझं नाव उचललं, तात्पुरतं पानाच्या तळाशी नेऊन ठेवलं आणि दोन्ही कॉलम जुळतात का ते बघण्यात तिथेच विसरलो.

लग्न झकास झालं. नानासोंनी कन्यादान केलं, तेव्हा सगळा मांडव गप्प होता. मी मोठ्याने नाक शिंकरलं. मग नानासो उठले, सरळ वरपक्षात गेले, पहिली पत्रिका दाखवून फेटा बांधून घेतला आणि तो मिरवत पंगतीत आले. मी मोठ्या माणसांच्या रांगेत पाटावर टेकणार, तोच त्यांनी हाक मारली.

"पाव्हणं, तुमी हितं न्हाई. तिकडं. पत्रिकेत बगा."

तिकडे लहान मुलांची पंगत होती. आमचे चिरंजीव, अतिशय आणि आर्जव, सरकून मला जागा करत होते. मी चिडून नवी पत्रिका उघडली. तळाशी फुग्यांच्या चित्राखाली छापलं होतं, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' आणि खाली नावं होती, 'चि. अतिशय, चि. आर्जव, बाहुबली.'

"सुरेखा, ही चूक..." मी कळवळून म्हणालो.

कितीतरी दिवसांनी सुरेखा माझ्याशी नीट बोलली. तिने पत्रिका हातात घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि परत दिली.

"पहिलीत चूक होती," ती म्हणाली. "हिच्यात एकही नाही."