सुयुंचूची शाल

बेगिमाय दवाखान्यातून घरी पोचली, तेव्हा सासरे अंगणात मेंढीचे पाय बांधत होते आणि सासूबाई चुलीवर अशी कढई चढवत होत्या, की तिच्यात बेगिमायसुद्धा मांडी घालून बसली असती.

"आली माझी गुणाची!" सासूबाईंनी तिच्या हातातली पिशवी हिसकावली. "उचलू नकोस काही. आणि त्या गार पायरीवर टेकू नकोस, गादीवर बस!"

"अपा," तिने सासूबाईंना विचारलं, "झालंय तरी काय?"

"मलाच विचारतेस! सोनुनबूबू सांगून गेली की. दारातूनच ओरडली, सुयुंचू! मी लगेच पेटीतली निळी रेशमी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली."

 त्यांच्या तालास भागात आनंदाची बातमी पहिल्यांदा आणणाऱ्याला सुयुंचू, म्हणजे काहीतरी भेट, द्यावीच लागते. बातमी खरी की खोटी हे बघून मग भेट द्यावी, असं मात्र कुठल्याही पूर्वजाला सुचलं नव्हतं. लग्नाला आठ महिने झालेली सून बायकांच्या दवाखान्यातून बाहेर पडताना शेजारच्या सोनुनबूबूने पाहिली होती. सुनेला दिवस गेले, असं ठरवायला तिला तेवढं पुरलं.

खरी गोष्ट दाढेपासून सुरू झाली होती. तीन आठवड्यांपूर्वी बेगिमायची दाढ सुजली, दाताच्या डॉक्टरने जालीम गोळ्या दिल्या, दाढ शांत झाली आणि भलतीकडेच आग लागली. पाहुण्यांसमोर समोवारपाशी बसून तासन्‌तास चहा ओतायचा आणि कितीही खाज सुटली तरी जागचं हलायचंही नाही, असे दहा दिवस तिने काढले. सकाळी डॉक्टरीणबाईंनी वर न बघताच सांगितलं, "बुरशी आहे. दाढेच्या औषधाने तिथले राखणदार जंतू मेले, बुरशीला रान मोकळं झालं. चारातल्या तीन बायकांना कधी ना कधी होतंच. सहा दिवस रोज एक गोळी."

आता हे सांगायचं कुणाला? सासऱ्यांचं तर नावही तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिने नवऱ्याला फोन लावला. एर्मेक बिश्केकच्या वाटेवर प्रवासी गाडी चालवायचा.

"बेगिमाय! आईने सांगितलं मला! गाडीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!"

"अहो, तसं काही नाहीये. मला जंतुसंसर्ग झालाय. खाज येतेय, आग होतेय."

"होतं गं असं या दिवसांत! इथे मागच्या सीटवरच्या आजी पण तेच म्हणतायत."

"तुम्ही आजींना ऐकवलंत?"

"फोन स्पीकरवर आहे ना. हात स्टिअरिंगवर आहेत माझे."

तिने फोन ठेवला. अंगणात सासरे सुरी परजत होते. मेंढी तिच्याकडे अशी बघत होती, जणू सगळं प्रकरण तिला ठाऊक आहे.

बेगिमायने धीर करून औषधाची डबी काढली आणि सासूबाईंपुढे धरली. "अपा, हे बघा, दवाखान्यात मला हे दिलंय."

"ताकदीच्या गोळ्या!" सासूबाईंनी एक गोळी काढली, पेला भरला. "घे, माझ्यासमोर गीळ. आजकालच्या पोरी औषधं टाकून देतात."

"अपा, ही गिळायची नसते."

"मग काय चघळायची?"

"चघळायचीही नसते."

"अगं, मग करायचं काय तिचं?"

बेगिमायने दात आवळले, त्यांच्या कानाशी वाकली आणि दाढेपासून गोळीपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. सासूबाई मटकन खाली बसल्या; तेही त्याच गार पायरीवर.

 बेगिमायला वाटलं, आता आपली रवानगी माहेरी.

"किती दिवस झाले?" त्यांनी हळूच विचारलं.

"दहा."

"दहाच? मला चौदा वर्षं झाली. येते, जाते, परत येते. नदीकाठच्या त्या गार दगडावर बसले होते एकदा. रोज त्या दगडाला शिव्या घालते." मग त्यांनी मान वळवून आरोळी ठोकली, "अहो, सोडा त्या मेंढीला!"

"का गं?"

"बायकांचं आहे!"

सासऱ्यांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. इतक्या झटपट त्यांनी उभ्या जन्मात गाठ सोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सासू-सून दोघी दवाखान्यात गेल्या. व्हरांड्यातल्या बाकाच्या टोकाला एक बाई तोंड झाकून बसली होती. डोळे तेवढे दिसत होते. बाकी सगळं निळ्या रेशमी शालीत.

"सोनुन? तू इथे?"

"मी... ते... रक्तदाब दाखवायला."

"रक्तदाबाचे डॉक्टर पलीकडच्या इमारतीत बसतात," सासूबाई म्हणाल्या.

बेगिमाय अदबीने वाकली. सोनुनबूबूला पाच नातवंडं होती आणि येत्या महिन्यात तिची साठी होती.

"एजे," थोरल्या बहिणीला द्यावा तसा मान देत ती म्हणाली, "तुमच्या घरी सुयुंचू मागायला मी जाऊ, की अपा जातील?"

सोनुनबूबूने मुकाट्याने शाल उतरवली आणि पुढे केली. सासूबाईंनी तिची नीट चौपदरी घडी घातली, गार बाकावर अंथरली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या.