कोटावरचं ग्राफीन

पेन्सिलीतलं शिसं.

मांजराचे केस.

पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दोन लाख पट जोरदार चुंबक.

काळा लोकरी कोट, इस्त्रीचा.

सासूबाई.

यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं असतं, पण त्या दिवशी मी फुशारकी मारण्यात गुंतलो होतो!

"ग्राफीन सोलण्यात अख्ख्या प्रयोगशाळेत माझा हात कुणी धरू शकत नाही!" मी जेवताना जाहीर केलं.

"सोलायचं म्हणजे?" सासूबाई.

"शिशाचा कण चिकटपट्टीवर ठेवायचा. पट्टी दुमडायची, उघडायची. दर वेळी थर पातळ. शेवटी एकाच अणूइतका, तेच ग्राफीन! तो चुंबकात ठेवून वीज सोडायची. चुंबकाचा जोर वाढवला, की आलेख जिन्यासारखा चढतो. पायऱ्या पायऱ्यांनी!"

"म्हणजे जावईबापू दिवसभर पट्टी चिकटवतात," त्या लेकीला म्हणाल्या.

"आणि काढतात," बायकोने भर घातली.

शुक्रवारी मोठ्या चुंबकावर आमची पाळी होती. बाहेरचे तज्ज्ञ येणार होते. पायऱ्या दिसल्या तर माझी नोकरी कायम, नाहीतर नारळ! म्हणून सगळ्यात भारी पट्टी जपायला मी घरी आणली होती. बुधवारी सकाळी ती टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो.

बाहेर येतो तर सासूबाई माझा कोट साफ करतायत. चिकटपट्टीने! थाप, खर्र. थाप, खर्र.

"आई! ती पट्टी!"

"केवढे केस हो कोटावर! तज्ज्ञांसमोर असे जाणार? ही मळकी पट्टी पडलीच होती, म्हटलं नवी कशाला वाया घालवा."

"तो मळ नव्हता, माझी नोकरी होती!"

"मग कोटावरच आहे की. जातेय कुठे?"

कोट काखेत मारून मी प्रयोगशाळा गाठली.

"पट्टी?" आमच्या प्रमुख मॅडमनी हात पुढे केला.

"ग्राफीन... कोटावर आहे, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बिघडलेलं यंत्र!

कोटावर नवी पट्टी दाबली. ती सिलिकॉनच्या चिपवर दाबली. सूक्ष्मदर्शकात मांजराचा केस दोरखंडासारखा आडवा पडलेला, आणि त्याच्या कुशीत एकाच अणूचा थर! एवढा मोठा, एवढा नितळ थर माझ्या हातून जन्मात निघाला नव्हता! सासूबाईंची थापाथापी म्हणजे सोलणंच की! फक्त माझ्यापेक्षा जास्त जीव लावून.

चिपला तारा जोडल्या. शुक्रवारी चुंबकाचा जोर वाढत गेला. आलेख चढला, थांबला. चढला, थांबला. दहा, सहा, दोन! ग्राफीनच्या पायऱ्यांचे अगदी ठरलेले आकडे! तज्ज्ञ खुर्चीतून उठले. माझी छाती अशी फुगली, की कोटाचं बटण उडालं!

"अप्रतिम! सोललंत कसं?"

"माझी खास पद्धत आहे!" मी कॉलर ताठ केली.

"वा! मग सोमवारी आमच्यासमोर पुन्हा करून दाखवा. पुन्हा जमलं तरच खरं."

"सोमवारी कशाला, आत्ता सांगा!"

मांजर सासूबाईंचं. त्याला घेऊन त्या गुरुवारच्या गाडीनेच गावी परतल्या होत्या.