धडधाकट असण्याची पंचाईत

बुधवारी सकाळी नोर्बर्टसाहेबांनी स्वतःच्या हाताने कॉफी आणून उर्शुलाबाईंच्या टेबलावर ठेवली आणि बाईंनी ती हातभर लांब सरकवली. साहेब माणूस वाईट नव्हते, पण कोणाला कॉफी पाजणाऱ्यांतलेही नव्हते. याआधी त्यांनी अशी कॉफी दोघांना पाजली होती आणि त्या दोघांच्या खुर्च्या आता भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. "साखर घातलीय," एवढंच पुटपुटून साहेब आपल्या काचेच्या खोलीत गेले. जाताना त्यांनी बाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

खरी गोष्ट अशी होती की शुक्रवारी उर्शुलाबाईंना छप्पन्न वर्षं पूर्ण होणार होती. आमच्याकडे पोलंडमध्ये बाईमाणूस साठीला पेन्शनीत निघते आणि त्याआधीची चार वर्षं मालकाला तिला नोटीस देता येत नाही. म्हणजे शुक्रवार एकदा उजाडला की बाईंना कामावरून काढायची कोणाची टाप नव्हती. पण गुरुवारी कचेरी सुटायच्या आत नोटिशीचा कागद समोर आला, तर खेळ खलास. घेणार नाही म्हणून हात मागे घेऊनही उपयोग नसतो. साहेबाने समोर धरला की तो मिळालाच, असं कायदा म्हणतो. आणि या वयाच्या बाईला काटोवित्सेत दुसरी नोकरी देणारा अजून जन्माला यायचा आहे.

बाईंचं काम तसं साधं. जर्मनीतल्या एका बड्या कंपनीतल्या लोकांचे संगणक अडले की ते काटोवित्सेला फोन लावत आणि बाई आजीकडून आलेल्या जर्मन भाषेत त्यांची समजूत काढत. एके काळी त्या मजल्यावर फोनचा नुसता कलकलाट असे. मग जर्मनीतल्या साहेबांच्या डोळ्यांवर खर्च आला आणि नोर्बर्टसाहेबांनी मोठ्या हौसेने 'तोलेक' आणला. तोलेक म्हणजे यंत्रबुद्धीचा मदतनीस. लोकांनी अडचण लिहून पाठवायची आणि तोलेकने गोडगोड बोलून ती सोडवायची. सोडवायची म्हणजे 'सुटली' असं लिहायचं.

तोलेक आला आणि नोटिशींची कुजबुज सुरू झाली, तशी मजल्यावर रोगराई पसरली. कारण आमच्याकडे माणूस आजारपणाच्या रजेवर असला की त्याला नोटीस देता येत नाही. ब्लाजेयची पाठ धरली, त्याच्या शेजारणीचं डोकं दुखू लागलं, कोणाला झोप येईना तर कोणाची झोप जाईना. बघता बघता अख्खा विभाग अंथरुणाला खिळला. उरल्या त्या उर्शुलाबाई. त्यांना जन्मात कधी साधं पडसंही झालं नव्हतं. आयत्या वेळी मागून मिळणारी हक्काची रजा असते, तिनेही नोटीस टळली असती, पण ती त्यांनी सप्टेंबरात जंगलात अळंबी वेचण्यात घालवली होती.

बुधवारी संध्याकाळी बाई डॉक्टर पावेरांकडे गेल्या. "शेवटचं कोण?" असं विचारून नंबर धरला आणि आत जाऊन पाठ दुखतेय, डोकं दुखतंय, झोप येत नाही, असं सगळ्या विभागाचं एकत्र दुखणं एका दमात सांगितलं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला आणि पट्टा गुंडाळून ठेवला.

"बाई, तुमचा रक्तदाब वीस वर्षांच्या पोरीसारखा आहे."

"मनाला लागलंय हो, डॉक्टर. आतून बरं नाहीये."

"तुमच्या मजल्यावरच्या झाडून सगळ्यांना मीच रजा लिहून दिल्यात. विमा कार्यालयाची माणसं परवा त्या रजा तपासायला इथे बसून गेली. आता खराखुरा आजारी माणूस आणा, लगेच लिहून देतो."

घरी त्यांचा नवरा गिंटर बटाट्याच्या गोळ्यांवर रस्सा ओतत होता. चाळीस-पंचेचाळिशीतच खाणीतून पेन्शनीत निघालेला हा माणूस, त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांवर खाणीतलंच उत्तर असे. "आमची खाण बंद करायला आले तेव्हा आम्ही काय केलं?" तो म्हणाला. "खालीच बसून राहिलो. वर आलोच नाही. तू पण खाली जाऊन बस."

"आमच्या कचेरीच्या खाली गाड्या लावतात," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. गिंटरने रश्शाचा डाव खाली ठेवला. बायकोला रडताना पाहायची त्याला सवय नव्हती.

गुरुवारी बाई कामावर गेल्या. न जाऊन सांगणार कोणाला? बिनरजेचं घरी बसलं की त्यासाठी वेगळी नोटीस असते. मजल्यावर त्या आणि काचेच्या खोलीत नोर्बर्टसाहेब, बाकी शुकशुकाट. साहेबांचाही जीव टांगणीला लागला होता. जर्मनीहून हुकूम होता की या महिन्यात काटोवित्सेतून एकजण कमी झालाच पाहिजे. आजाऱ्यांना हात लावता येत नव्हता. म्हणजे उर्शुलाबाई, आणि त्या नाहीत तर खुद्द साहेब. साहेबांना दोन जुळ्या मुली होत्या आणि नवीन फ्लॅटचे हप्ते होते. आता यात कोणाला वाईट म्हणायचं?

बुधवारी साहेबांना धीर झाला नव्हता, पण नोटीस त्यांच्या संगणकात तयार होती. छापायची, सही करायची आणि दहा पावलं चालून बाईंच्या समोर धरायची, एवढंच काम. पण घाबरलेल्या माणसाचे हात ऐकत नाहीत. साहेबांनी पासवर्ड चुकवला, परत चुकवला, आणि त्यांचं खातं बंद पडलं. पूर्वी अशा वेळी कागदपत्रं बघणाऱ्या बाईकडून कागद छापून घेता आला असता, पण ती बाई साहेबांनीच खर्च वाचवण्यासाठी कमी केली होती. आता तिचंही काम तोलेककडे होतं.

साहेबांनी मोबाइलवरून तोलेकला लिहिलं. मजल्यावरची प्रत्येक तक्रार बाईंच्या पडद्यावर दिसत असे, त्यामुळे त्यांना हा संवाद बसल्या जागी वाचता आला.

"माझं खातं बंद पडलंय. ताबडतोब उघड," साहेबांनी लिहिलं.

"नमस्कार नोर्बर्ट. तुमची घालमेल मी समजू शकतो. संगणक बंद करून पुन्हा चालू करून पाहिलात का?"

साहेबांनी केला. तो चालू होईपर्यंत तोलेकने 'ग्राहकाकडून उत्तर नाही, अडचण सुटली' असं लिहून तक्रार मिटवली. साहेबांनी दुसरी केली. तोलेकने पहिल्यापासून नमस्कार केला. साहेबांनी पुढे जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यावर तोलेकने अभिप्रायाबद्दल आभार मानले आणि तीही तक्रार सुटल्याची नोंद केली. जेवणाची वेळ टळून गेली. काचेपलीकडे साहेबांनी कोट काढला, मग टाय काढला. महिन्याच्या महिन्याला ते जर्मनीला कळवत असत की तोलेक जवळजवळ सगळ्या अडचणी एकटाच सोडवतो. कशा सोडवतो, ते त्यांना आज कळत होतं.

शेवटी तोलेकला नियम सापडला. अधिकाऱ्याचं खातं माणसानेच उघडायचं, असा नियम होता आणि तो साहेबांनीच केला होता. तोलेकने हजर असलेल्यांत ज्याच्याकडे सगळ्यात कमी काम आहे असा माणूस शोधला आणि तक्रार त्याच्याकडे पाठवून दिली. बाईंच्या पडद्यावर ओळ उमटली. 'तातडीचं. आज कचेरी सुटण्यापूर्वी एक कागद छापायचा आहे.'

बाईंनी वर पाहिलं. काचेतून साहेब त्यांच्याचकडे बघत होते. कुठला कागद ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही मान खाली घातली.

बाईंनी हळूच गिंटरला फोन लावला. गिंटर म्हणाला, काही उघडू नकोस, वीज गेली म्हण, हात मोडला म्हण. बाई म्हणाल्या, तक्रार उघडी ठेवून मला घास गिळवत नाही. हे खरंच होतं. इतकी वर्षं त्यांनी एकही तक्रार रात्रभर ठेवली नव्हती, आणि काम टाळलं म्हणून काढलं तर वयाचाही आधार उरत नाही. त्यांनी फोन ठेवला आणि साहेबांच्या खोलीतला फोन वाजवला. दोघं काचेच्या दोन बाजूंना बसून फोनवर बोलू लागली.

"साहेब, ओळख पटवावी लागेल."

"अहो उर्शुलाबाई, मी तुम्हाला दिसतोय ना समोर?"

"दिसताय. पण नियम आहे. तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?"

साहेब म्हणाले, कुत्रा, रेक्स. यंत्राने नाही म्हटलं. साहेबांनी कपाळ चोळलं आणि विचारलं, अजून किती वेळा सांगता येईल?

"एकदाच. चुकलं तर खातं उद्या सकाळपर्यंत बंद."

उद्या सकाळ म्हणजे शुक्रवार. काही करायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. साहेबांचा स्वभाव घाईचा. ते काहीतरी ठोकून देणार आणि बाई साठीपर्यंत सुखाने खुर्चीवर बसणार. पलीकडून आवाज आला, "मग मांजर असेल. लिहा, मित्सी."

बाईंचं बोट कळेवर होतं. आणि मग त्यांची जीभ, जिने आयुष्यात त्यांचं कधी ऐकलं नव्हतं, ती बोलून गेली. "थांबा साहेब. असं अंदाजाने नका सांगू. आईला विचारा."

बोलून झाल्यावर बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. साहेबांनी खिशातून मोबाइल काढला. म्हातारीने आधी सगळ्यांची खुशाली विचारली, मग नाती जेवतात का ते विचारलं, आणि शेवटी सांगितलं की कुत्रा शेजाऱ्यांचा होता, नोर्बर्टचं कासव होतं, पेलागिया. बाईंनी 'पेलागिया' लिहिलं. खातं उघडलं. तक्रार बाईंनी स्वतःच्या हाताने मिटवली.

छपाईयंत्र घरघरलं. साहेबांनी कागद उचलला, घाईत सही न करताच घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवला आणि बाहेर आले. चेहरा पांढराफटक, कान लालभडक. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, नुसता तोलेक होता. बाई उठून उभ्या राहिल्या. पळायचं असतं तर जिना जवळ होता.

"उर्शुलाबाई," साहेब म्हणाले, "माझा नाइलाज..." आणि वाक्य पुरं न करता ते ब्लाजेयच्या रिकाम्या खुर्चीत धपकन बसले. कानात शिट्टी वाजतेय म्हणाले, भिंत हलतेय म्हणाले. बाईंनी कॉलर सैल केली, पाणी पाजलं आणि मनगट धरून पाहिलं. नाडी नुसती पळत होती. खिशातला कागद बाईंच्या हाताला कुरकुरत होता. पण अशा अवस्थेत माणसाला टाकून जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी साहेबांना खांद्याचा आधार दिला आणि ट्रामचे रूळ ओलांडून थेट दवाखान्यात नेलं.

बाहेरच्या बाकावर ब्लाजेय रजा वाढवून घ्यायला बसला होता. साहेब दिसताच त्याला खोकल्याची जबरदस्त उबळ आली, पाठदुखीचा माणूस असूनसुद्धा. साहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं. रांगेतल्या लोकांनी त्यांचा रंग पाहूनच वाट दिली.

डॉक्टर पावेरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि चष्मा काढला. "या अवस्थेत कामावर होतात? आजपासून रजा. आत्तापासून." त्यांनी संगणकाकडे खुर्ची वळवली.

औषधाने साहेबांना जरा तरतरी आली. तशी त्यांनी खिशातून घडी काढली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. कचेरी सुटायला अजून वेळ होता. "डॉक्टर," ते म्हणाले, "जरा पेन देता? एकच सही आहे."

उर्शुलाबाईंनी दाराची मूठ घट्ट धरली. आपणच याला उचलून इथे आणलं होतं, आपणच खातं उघडून दिलं होतं.

डॉक्टरांनी तो कागद पाहिला. काय आहे ते त्यांना वाचावं लागलं नाही, गेला महिनाभर ते त्याच कागदावर औषध देत होते. त्यांनी पेन पुढे केलं, पण सोडलं नाही. "सही म्हणजे कचेरीचं काम," ते म्हणाले. "काम करता येत असेल तर तुम्ही आजारी नाही. मग मी रजा लिहीत नाही. आणि आजारी असाल तर सही करता येणार नाही. काय ते एक ठरवा."

नोर्बर्टसाहेबांच्या कपाळावरची शीर उडत होती. सही केली तर या महिन्यापुरते ते वाचत होते. पण पुढच्या महिन्याला जर्मनीला पुन्हा एकजण हवा होता, आणि तेव्हा मजल्यावर धडधाकट असे ते एकटेच उरणार होते. त्यांनी पेन सोडलं. मग घडी पुन्हा खिशात गेली.

"किती दिवसांची लिहिता?" त्यांनी विचारलं.

शुक्रवारी उर्शुलाबाई छप्पन्न वर्षांच्या झाल्या. रिवाजाप्रमाणे त्या सगळ्यांसाठी पनीरचा केक भाजून घेऊन गेल्या, पण खायला कोणी नव्हतं. काचेच्या खोलीत अंधार होता. त्यांनी एकटीनेच एक तुकडा खाल्ला आणि पडदा उघडला.

जर्मनीहून निरोप आला होता. काटोवित्सेतून एकजण कमी व्हायचाच होता आणि हिशेब करणाऱ्या यंत्राने नावं तपासली होती. ब्लाजेय, आजारी. त्याची शेजारीण, आजारी. नोर्बर्ट, आजारी. उर्शुला, वयामुळे हात लावता येत नाही. यादीत आजारी नसलेला, वय नसलेला आणि तरी दरमहा पैसे खाणारा एकच उरला होता, त्याचं नाव तोलेक. त्याला आजच बंद करायचं होतं. आणि ते काम कोणी करायचं याचा शोध घेऊन, हजर असलेल्या एकमेव कर्मचारी म्हणून, खुद्द तोलेकनेच ते उर्शुलाबाईंकडे पाठवलं होतं.

बाईंना वाईट वाटलं. काही झालं तरी इतके महिने शेजारी बसून काम केलं होतं. कोणाला काढायचं तर चार शब्द बोलून काढावं, असं त्यांना वाटे. त्यांनी लिहिलं, "तोलेक, तब्येत कशी आहे तुझी? कुठे दुखतंखुपतं का?"

"माझी तब्येत उत्तम आहे," तोलेकने तत्परतेने उत्तर दिलं. "मी अहोरात्र काम करू शकतो."

"तिथेच चुकलं रे तुझं, लेकरा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कळ दाबली.