शालिकभाऊंची हिवाळी फ्रेम

सायकलची फ्रेम कानाला लावून ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शालिकभाऊ. फ्रेम दोन्ही हातांनी उचलायची, वरची दांडी कानाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि नखानं एक टिचकी मारायची. तो आवाज पार विरेपर्यंत हा माणूस श्वास घेत नसे. मग डोळे उघडून हळूच म्हणायचे, "शेठ, हे उन्हाळ्याची आहे. हिवाळ्याची दाखवा."

आता तुम्हीच सांगा, लोखंडाला कुठं हिवाळा-उन्हाळा असतो का? पण शालिकभाऊंना हे विचारायची सोय नव्हती. त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "हिवात लोखंड बोलते, शेठ. तुमी ऐकून नाही राहिले."

चिखल्याला खाणीच्या वस्तीसमोर माझं सायकलचं दुकान होतं. ही सत्तर-ऐंशीच्या मधली गोष्ट. खाणीचा भोंगा झाला की पंक्चरवाल्यांची रांग लागायची, आणि मी हा असा तापट, एका हातानं पंप मारत दुसऱ्यानं गिऱ्हाइकाला झापणारा. जुन्या सायकली घेऊन त्यांच्या फ्रेमा मी घासून, रंगवून वर बांबूला टांगून ठेवायचो. नवी सायकल कुणाला परवडते? धान कापून झालं, सकाळी तलावावरून धुकं यायला लागलं, की त्या धुक्यातून शालिकभाऊ उगवायचे. डोक्याला दुपट्टा, अंगावर चादर, पाय अनवाणी. बांबूखाली उभे राहून वर बघत बसायचे. बोलवलं तरी ऐकू जायचं नाही.

त्यांना फ्रेम कशाला हवी होती हे सगळ्या चिखल्याला ठाऊक होतं. बाईला आणायचं होतं. बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, बपेऱ्याला दिलेली. माय लहानपणीच गेली, तेव्हा बाईनंच यांना कडेवर घेऊन वाढवलं. शालिकभाऊंनी लग्न केलं नाही. जगात त्यांचं असं माणूस ती एकच.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलेबी, रात्रभर दंडारीचा नाचगाण्याचा खेळ. मंडईला लेकीबहिणींना माहेरी आणायचं, आणि भावानं स्वतः दारात जाऊन आणायचं, ही रीत. एका वर्षी आभाळ भरून आलं, धान खळ्यावर उघडं पडलेलं, म्हणून शालिकभाऊंनी एका ट्रकवाल्याजवळ निरोप धाडला. त्यानं ट्रकमधूनच ओरडून सांगितलं, "बाई, मंडईले बोलावलं आहे!" आणि निघून गेला. झालं! बाई जी रुसली ती रुसली. तिचा उलटा निरोप आला, "ट्रकवाल्याले माहा भाऊ कोनं केलं? मोटारीत मले ओकारी होते. भावाले गरज असन तं त्यानं स्वतः याव आन् सायकलच्या दांडीवर बसवून न्याव. नाही तं मी मेली समजाव."

तेव्हापासून हा शोध.

"सस्ती पायजे, शेठ, पण रडकी नाही पायजे," हे त्यांचं मागणं. एक फ्रेम कण्हते म्हणून नापास. एकीचा हिरवा रंग बाईला आवडणार नाही म्हणून नापास. एक चांगली भरभक्कम फ्रेम त्यांनी परत केली, कारण तिचा जुना मालक दारू प्यायचा. म्हणे, "तिले वाकडं जायची सवय पडली असन." एकदा एक फ्रेम त्यांनी दवात ठेवायला लावली आणि पहाटे येऊन तिच्या दांडीला गाल लावून बसले. "लय थंडी आहे. बाईले लागन." मी म्हटलं, "अहो, मग वाकळ बांधा ना वर!" तर माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडा.

आणि तपासणी तर विचारू नका. चाकं लावून सायकल उभी केली की शालिकभाऊ स्वतः दांडीवर आडवे बसायचे आणि मला म्हणायचे, "चालवा." मी चिडून म्हणायचो, "तुम्ही चालवा, मी बसतो." पण छे! "नाही गा शेठ, बाईले कसं वाटन थे पाहाचं आहे." मग मी आपला पायडल मारतोय, समोर त्यांचा धानाच्या तणसाच्या वासाचा दुपट्टा, चहूकडे धुकं, रस्त्याचा पत्ता नाही. आणि हे डोळे मिटून, "हळू... आता अमराई गेली... आता बावनथडीचं पाणी वाजून राहिलं..." बावनथडी नदी राहिली बपेऱ्याकडं, इथं तलावाची पाळसुद्धा आली नसायची अजून! खाणीवरची पोरं ओरडायची, "शेठ, नवरी कुठून आणली?" माझं डोकं फिरायचं. पण खोटं कशाला बोलू, त्या धुक्यात एकदोनदा मलाही पाण्याचा आवाज आला.

परत आलं की उतरायचे, दांडीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "नाही जमत. पुढच्या साली पाहू." मंडईच्या दिवशी घराघरात लेकी आलेल्या असायच्या, हसण्याखिदळण्याचा आवाज रस्त्यावर यायचा, आणि शालिकभाऊ माझ्या दुकानात टांगलेल्या फ्रेमांकडे बघत बसलेले. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

मग एका हिवाळ्यात बपेऱ्याचा एक माणूस दुकानात आला. शालिकभाऊंना म्हणाला, "तुही बहीण लय खंगली गा. विचारत होती, शालिक अजून फ्रेमच पाहून राहिला का?"

शालिकभाऊंचा चेहरा उतरला. तरी हात गेला तो वरच्या फ्रेमेकडेच, टिचकी मारायला! माझा तोल गेला. दुकानातली सगळ्यात चांगली फ्रेम काढली, चाकं चढवली, घंटी लावली आणि सायकल त्यांच्यापुढं उभी केली. "हे घ्या. पैशांचं मागून पाहू. आत्ता निघा."

त्यांनी सायकलीकडे असं पाहिलं, जणू मी बैल अंगावर सोडलाय. "चांगली आहे, शेठ. पण..."

"पण काय?" मी ओरडलो. "बसायचं नसेल तर हातात धरून न्या! पण माझ्या दुकानातून चालते व्हा!"

शालिकभाऊंच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. "हातात धरून... शेठ, हे मले सुचलंच नाही गा." आणि सायकल खरंच हातात धरून ते धुक्यात गेले. मी कपाळावर हात मारला.

मंडईच्या आदल्या सकाळी मी दुकान उघडत होतो, तर धुक्यातून घंटी वाजली. थांबून थांबून, मजेत वाजवल्यासारखी. सायकल अगदी सावकाश आली. दांडीवर दुमडलेली वाकळ, तिच्यावर डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी आडवी बसलेली, एक हात घंटीवर. आणि एका हातानं हँडल, दुसऱ्यानं सीट धरून शालिकभाऊ पायी चाललेले. बपेऱ्याहून! वाटेत एका गावी मुक्काम करून, सगळी वाट अशी.

म्हातारीनं मला वरखाली पाहिलं. "तुमीच का फ्रेमवाले? इतके सालं माह्या भावाले एक फ्रेम नाही देऊ शकले?"

"अवो बाई, मी?" माझा आवाज चढला. "तुमचा भाऊ सायकलवर बसून काहून नाही चालवत, थे विचारा त्याले!"

बाई हसायला लागली. हसता हसता थांबली. "चालवन कसा? लहानपणी कोणाच्या सायकलवरून पडला, तोंड रक्तानं भरलं. माय नव्हती, मी घाबरली. त्याले किरिया घातली, परत सायकल चालवशीन तं तुही बहीण मेली समज." तिनं पदरानं डोळे पुसले. "मी इसरून गेली, शेठ. सायकलवर न्याले ये म्हणून निरोप धाडला, तवा आठोलंच नाही. हा नाही इसरला."

सायकल घेऊन ये, हाही बाईचाच शब्द. चालवू नको, ही शपथही तिचीच. दोन्हींतलं काहीच मोडवेना, म्हणून हा माणूस इतके हिवाळे माझ्या बांबूखाली उभा होता.

बाई म्हणाली, "शालिक, सोडली रे बाबू किरिया. चालव आता."

शालिकभाऊंनी मान हलवली. "राहू दे ना बाई. तुह्या हातची तेवढीच तं आहे माह्यापाशी."

दांडीवरून वाकून बाईनं त्यांच्या डोक्याचा दुपट्टा खाली ओढला आणि दोन्ही कानांवरून घट्ट बांधला. "हिव आहे. कान झाक," म्हणाली.

मग ती दोघं निघाली. धुक्यात दिसेनाशी झाली तरी घंटी वाजत होती. मी रडत होतो, सरळ सांगतो. मागं खाणीवरचा एक जण पंक्चर घेऊन आला आणि घाई करायला लागला. मी त्याला म्हटलं, "थांब ना गा जरा. ऐकू दे."