खिडकीखालच्या सिस्टरबाई

दिवेलागणीला आमच्या खिडकीखाली चपला थांबल्या की घरातला रेडिओ बंद व्हायचा. बंद करायला कुणी उठल्याचं मला आठवत नाही. तो आपोआपच गप्प होत असावा.

चपला सिस्टरबाईंच्या असत. त्या दार वाजवत नसत, हाक मारत नसत, नुसत्या उभ्या राहत. आतून उपासनेचं गीत ऐकू आलं की एखादं कडवं ऐकून पुढच्या घराकडे निघत. नाही आलं, तर स्वतःच पहिली ओळ उचलत, आणि तीही अशा खणखणीत आवाजात की पलीकडच्या डाळमिलचा वॉचमन बिडी विझवायचा. मग आतल्यांना दुसरी ओळ म्हणावीच लागे. नाहीतर अमक्याच्या घरी आज उपासनेला दांडी आहे, हे उभ्या मिशन कंपाउंडला कळायचं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता आणि नांदेडहून बदली होऊन मी नव्या कचेरीत रुजू झालो होतो. जिल्हा नवा, पाट्या नव्या, शिक्के नवे. पाणी मात्र जुनं होतं, तेही आटलेलं. गोदाकाठी वाढलेला मी, टँकर आला की घागर घेऊन पळायला शिकत होतो. बायको मात्र खुशीत होती, कारण सरकारनं मला तिच्या माहेरीच पाठवलं होतं. सुनंदाचा जन्म ह्याच कंपाउंडातला, आणि तोही सिस्टरबाईंच्या हातावर. बाई जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. चर्चमागच्या ह्या चाळीसारख्या ओळीतली निम्मी माणसं त्यांनीच जगात आणलेली. आणलेल्या माणसांवर नजर ठेवायचा हक्क रिटायर झाल्यावरही सोडायला त्या तयार नव्हत्या. मला त्यांनी जगात आणलं नव्हतं, पण मी जवाई. म्हणजे त्यांच्या मते न तपासता घेतलेला, बिनहमीचा माल.

लोकांना वाटायचं, बाई पोरांची परीक्षा घेतात. पोरांना त्यांनी कधी बायबलमधलं एक वचनही म्हणायला लावलं नाही. रविवारी चर्च सुटलं की त्या पोरांना चिंचेखाली खेळायला पिटाळायच्या आणि आईबापांना गाठायच्या. "लेकरू ऐकत न्हाई, लेकरू बघतंय," हे त्यांचं पालुपद. आमच्या शेजारचे विल्सनमामा एकदा ओसरीवर बसून आपल्या पोराकडून शेजाऱ्यावर प्रेम करण्याबद्दलचं वचन घोकून घेत होते. बाई थांबल्या, घराच्या आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "लई छान पाठ करून घेऊन राहिलास रे विल्सन. मंग खाटंखाली ते भरलेलं पिंप झाकून ठिवलंय, ते शेजाऱ्याचं हाय का?" शेजारी म्हणजे आम्हीच. संध्याकाळी विल्सनमामींनी दोन घागरी पाणी आणून दिलं, पण ते देताना आमच्याकडे बघितलं नाही.

स्वतः बाई झाकणाचा पितळी तांब्या बरोबर घेऊन हिंडायच्या. कुणाच्या घरचं पाणी प्यायच्या नाहीत. मला वाटलं, मानभावीपणा असेल. सुनंदा म्हणाली, "अहो, टंचाई सुरू झाल्यापासून तांब्या निघालाय. एरवी चहाशिवाय उठत नाहीत त्या."

माझी प्रार्थना त्यांना पसंत नव्हती. मी आपला रीतसर सुरुवात करून, आजारी, प्रवासी, चर्चचे पाळकसाहेब, राज्यकर्ते असं एकेकाला घेत शेवटी नम्र विनंतीवर यायचो. एकदा खिडकीतून आवाज आला, "जवाई, ह्यो काय अर्ज वाचून राहिले तुमी? तुमच्या हापिसात असल्या अर्जाचं काय व्हतं?" असल्या अर्जाचं काय होतं हे मला चांगलंच ठाऊक होतं.

मी कचेरीत अडकलो आणि सुनंदानं एकटीनंच उरकून घेतलं, तर तेही त्यांना चालायचं नाही. "एकल्याची ती प्रार्थना," त्या म्हणायच्या. "घरातली उपासना म्हनलं की दोघं तरी पायजेत." हा नियम नवऱ्यांना वेळेवर घरी आणण्यासाठी काढलेला आहे, असं आम्हा नवरे मंडळींचं एकमत होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या लेकीनं, रेबानं प्रार्थनेचं एक खातं आपल्याकडे घेतलं होतं. वय आठ. कंपाउंडच्या आडाला पाणी येऊ दे, असं ती रोज संध्याकाळी सांगायची आणि सकाळी दात घासायच्या आधी आडात डोकावून यायची. एके दिवशी आडाच्या तळाचा गाळसुद्धा भेगाळलेला दिसला. त्या संध्याकाळी ती हाताची घडी घालून बसली. "मी नाही म्हणणार. तो ऐकतच नाही."

मी म्हणालो, "बाळा, देवाची एक वेळ असते."

"टँकरवाला पण असंच म्हणतो," ती म्हणाली.

खरं सांगतो, मला भीती वाटली. पोर गणितात नापास झाली तर पुन्हा बसवता येतं. आम्हाला आमच्या आईबापांनी दिलेलं हे एवढं एकच, ते तिच्या हातातून आठव्या वर्षीच सुटलं तर पुन्हा कुठून आणून देणार होतो? सुनंदा तर रात्रभर तळमळत होती. त्यात दुसरी भीती सिस्टरबाईंची. गीतात रेबाचा आवाज नाही हे त्यांना कळायला किती वेळ लागणार? तेव्हा सुनंदानं नाक चिमटीत धरून रेबासारख्या बारीक आवाजात गायला सुरुवात केली. मी सुनंदाचाही वाटा उचलायचा म्हणून दुप्पट मोठ्यानं गायचो. चपला थांबायच्या आणि पुढं जायच्या. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकायचो, आणि रेबा आमच्याकडे बघत असायची.

एका संध्याकाळी चपला पुढं गेल्याच नाहीत. बाई थेट आत आल्या.

"सुनंदे, तू जन्मलीस तवाचं तुझं पैलं रडनं म्या ऐकलंय. तुझा आवाज मला शिकवू नको." मग रेबाकडे वळल्या. "तू का गाऊन न्हाई राहिली?"

"माझी देवाशी कट्टी आहे," रेबानं सांगून टाकलं.

मी डोळे मिटून घेतले. आता निदान तासाभराचं प्रवचन, असं वाटलं. बाई गुडघ्यावर हात ठेवून तिच्यासमोर खाली बसल्या.

"त्याला सांगितलंस का?"

"काय?"

"कट्टी हाय म्हून. न सांगता कट्टी कशी व्हईल? त्याला कळाया नको?"

रेबाला हे पटलं. तिनं हात जोडले, डोळे गच्च मिटले. "देवा, तू आमच्या आडाला पाणी दिलं नाहीस. माझी तुझ्याशी कट्टी. आता मी बोलणार नाही."

"आमेन!" बाई म्हणाल्या. सुनंदाला ठसका लागला.

जाताना बाई दारात थांबल्या. "लई दिसांनी ह्या घरातून खरी प्रार्थना निघाली, जवाई. पोरीला बोलाया लावू नका. तुमच्यासंगं बसू द्या फकस्त. तुमी मातर आता अर्ज सोडा."

"आणि ती अशीच राहिली तर?" मी विचारलं.

"तुमी कसे ऱ्हाता ते ती बघंल की," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

तेव्हापासून रेबा रोज हाताची घडी घालून परीक्षेतल्या सुपरवायझरसारखी समोर बसू लागली. तिच्यापुढं अर्ज वाचायची मला लाज वाटायची. एकदा मी "देवा, मला ह्या दुष्काळाची भीती वाटते," एवढंच म्हणालो आणि पुढं सुचेना. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मग एकाएकी चपला यायच्या बंद झाल्या. पहिल्या दिवशी कंपाउंडात रेडिओ मोकळेपणानं वाजले. विल्सनमामांनी ओसरीवर पत्ते मांडले. दुसऱ्या दिवशी मात्र पत्त्यांत कुणाचं मन लागेना. बाईंना ताप आहे असं कळलं, तेव्हा सुनंदानं पेज करून रेबाच्या हाती डबा दिला आणि मी गोळ्या घेऊन तिच्या मागून निघालो.

ओळीच्या टोकाला बाईंची एक खोली. दिवेलागण झाली होती तरी आत दिवा नव्हता. मी खिडकीपाशी पोचलो तेव्हा रेबा विचारत होती, "सिस्टरबाई, तुमच्या घरी आज उपासना नाही?"

"माझ्या घरी कदीच न्हाई झाली गं," बाईंचा आवाज खोल गेला होता. "एकलीची कसली उपासना? दोघं पायजेत. म्हून तर दिवा लागला की भायेर पडते. कुनाच्या खिडकीत पैलं कडवं, कुनाच्या खिडकीत दुसरं. तुमच्यासंगंच उरकून घेते माझी."

मी तिथंच थांबलो. इतके दिवस आम्ही ज्यांना फौजदार समजत होतो, त्या आमच्या खिडकीखाली रोज आपल्या वाटणीचं घ्यायला उभ्या असायच्या. आणि आम्ही आत बसून, त्या कधी एकदा जातात ह्याची वाट बघायचो. मला फार वाईट वाटलं.

आत रेबा हिशेब करत असावी. "मी धरून दोघं होतात?"

"व्हतात की. पन तुजी कट्टी हाय ना."

डबा जमिनीवर टेकल्याचं ऐकू आलं. मग रेबाचा आवाज आला.

"देवा, कट्टी आहेच. आडाचं मी विसरले नाही. पण सिस्टरबाई एकट्या आहेत म्हणून आज बोलतेय. त्यांचा ताप घालव. आमेन."

"आमेन," बाई म्हणाल्या. त्यांनी गीताची पहिली ओळ उचलली, पण तो खणखणीत आवाज मध्येच फाटला. रेबा एकटीच बारीक आवाजात गात राहिली आणि ओळीच्या शेवटी अडखळली. पुढची ओळ तिला येत नव्हती.

ती मी खिडकीखालून म्हटली. माझा सूर कुठल्या कुठं गेला होता.

"कोन हाय?" आतून आवाज आला. "जवाई का? आत या. दुसऱ्याच्या खिडकीखाली उभं ऱ्हाऊन चोरून ऐकायची सवय चांगली न्हाई."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.